ट्यूब का विरघळली नाही?

प्रश्न: पंक्चरवाला म्हणतो सोल्युशन म्हणजे पेट्रोलसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलं रबरच, मग मी जुन्या ट्यूबचा तुकडा रात्रभर पेट्रोलमध्ये ठेवला तर तो नुसता फुगून लिबलिबीत कसा झाला? – एक वाचक, कळवा

उत्तर: अहो, सोल्युशनमधलं रबर कच्चं, त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या सुट्या शेवयांसारख्या, पेट्रोल शिरलं की मोकळ्या होतात. ट्यूबचं रबर गंधकासोबत तापवलेलं (अमेरिकन संशोधक चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं ते हेच), म्हणजे साखळ्यांना जागोजागी गाठी. पेट्रोल आत घुसतं, जाळं ताणतं पण गाठी काही सुटत नाहीत, आणि जाळ्याची ओढ नि पेट्रोलचा रेटा बरोबरीत आला की फुगणं थांबतं; अशा द्रव शोषून फुगलेल्या लिबलिबीत जाळ्यालाच ‘जेल’ (gel) म्हणतात. बाल्कनीत सुकू द्या, बऱ्यापैकी आक्रसेल. आणि हे किचनमध्ये केलं नाहीत ना? गॅसजवळ अजिबात नको हां!