नोकरदार घरातील कुत्र्यासाठी दिवसाचे प्रशिक्षण की महिनाभराचा मुक्काम?

आपण विचारले आहे की, गोव्यातील फोंड्याच्या घरातून पती-पत्नी दोघेही नोकरीला जात असल्याने आठ महिन्यांच्या लॅब्रॅडोरला सकाळी प्रशिक्षण केंद्रात सोडून संध्याकाळी परत आणावे, की महिनाभर तेथेच ठेवावे. मी दिवसाच्या प्रशिक्षणाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. संध्याकाळी कुत्रा ताब्यात देताना प्रशिक्षकाने त्या दिवशीचा धडा तुमच्या हातून करवून घेतला पाहिजे. ही अट मान्य नसेल, तर ते केंद्र म्हणजे केवळ पाळणाघर समजावे.

याचे कारण असे की कुत्रा एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप वापरत नाही. केंद्राच्या अंगणात 'बस' म्हणताच बसणारा कुत्रा घराच्या फाटकापाशी तोच शब्द ऐकून उभाच राहतो, आणि हा त्याचा हट्ट नसतो. ती जागा, तो माणूस आणि भोवतालचे आवाज या साऱ्यांसकट तो शब्द त्याच्या मनात बसलेला असतो. आमच्या म्हापशाच्या घरी हे पोदेरामुळे, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्यामुळे, स्पष्ट दिसले. केंद्रात शहाण्यासारखा वागणारा आमचा कुत्रा सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकला की फाटकावर झेप घेत असे, कारण केंद्रात पोदेर कधी येतच नव्हता. मग प्रशिक्षकाला काही दिवस सकाळीच घरी बोलावले आणि भोंगा दूर असताना, कुत्रा अजून शांत आहे तोवरच, त्याला खाऊ देत अंतर हळूहळू कमी करत नेले. आमचा पोदेर भला माणूस, म्हणून कोपऱ्यावर थांबून पुन्हा भोंगा वाजवायला तयार झाला. महिनाभराच्या मुक्कामात नेमका हाच भाग राहून जातो, शिवाय तेथे कोणत्या पद्धतीने शिकवतात हेही आपल्याला दिसत नाही.

पद्धतीविषयी मात्र तडजोड करू नये. अमेरिकन व्हेटरिनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेविअर या पशुवैद्यकांच्या संस्थेने 2021 मधील निवेदनात कुत्र्यांच्या सर्व प्रशिक्षणासाठी बक्षिसावर आधारित पद्धतींचीच शिफारस केली आहे. गळा आवळणारी साखळी किंवा विजेचा झटका देणारा पट्टा यांनी भुंकणे तात्पुरते थांबेल, पण रस्त्यावरील कुत्रा दिसताच वेदना होते असा संबंध जुळला, तर भीती वाढते आणि पुढे तो न भुंकता थेट चावू शकतो. मारहाण तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 नुसार गुन्हाच आहे.

"दिवसभर प्रशिक्षण" अशी जाहिरात दिसल्यास सावध राहावे. कुत्र्याचे लक्ष थोडाच वेळ टिकते. पाच-दहा मिनिटांचे काही धडे आणि मधला वेळ सावलीत झोप, हेच दिवसाचे खरे वेळापत्रक असते. म्हणून केंद्र पाहायला जाल तेव्हा मैदानापेक्षा विश्रांतीची जागा नीट पाहावी. गोव्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेला लॅब्रॅडोर नुसता धापा टाकतो, शिकत काहीच नाही.

लसीकरणाचे कागद न मागणाऱ्या केंद्रात जाऊच नये. गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले असले, तरी घरच्या कुत्र्याची रेबीजची लस चुकवून चालत नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांच्या लसींबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लसही घ्यावी, कारण पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग पसरतो आणि माणसांनाही होतो. अनेक कुत्री एकत्र येतात तेथे गोचिडांचे औषध आणि केनेल कफ या सांसर्गिक खोकल्याची लस यांविषयीही पशुवैद्यांना विचारावे.

शुल्क ठरवताना घरी येऊन घेतलेल्या दोन-तीन धड्यांचा समावेश त्यातच करून घ्यावा. दिवाळी जवळ आली असेल, तर नरकासुराचे पुतळे मिरवून जाळतात त्या रात्रीच्या ढोल-फटाक्यांची ध्वनिमुद्रणे अगदी मंद आवाजात ऐकवण्यास प्रशिक्षकाला आत्ताच सांगावे. आदल्या आठवड्यात सुरू केलेल्या या सरावाचा फारसा उपयोग होत नाही.