बाप्तिस्म्यानंतरचे पहिले महिने

अगं, बाप्तिस्मा झाला म्हणून आता सगळ्यांना येशूबद्दल सांगावं लागेल, या विचाराने एवढी घाबरू नकोस. बायबलमधलं मत्तय 5:15 वाच. दिवा मापाखाली नाही, दिवठणीवर ठेवतात, म्हणजे घरातल्या सगळ्यांना उजेड मिळतो. घरातल्या! आख्ख्या इंदूरचं नंतर बघू.

नवीन असताना मी भेटेल त्याला वचनं ऐकवायचो. पोह्यांच्या ठेल्यावर मला बघितलं की मित्र जिरावण मसाला टाकलेली प्लेट उचलून सरळ पलीकडे सरकायचे. तू आधी ऐकून घे. कुणी विचारलं तरच बोल, तेही थोडक्यात.

सध्या एवढंच कर:
- रोज एक लहान उतारा, मत्तय 5 ते 7 मधून. बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, राहू दे, त्यात मीसुद्धा अजून अडखळतो.
- सासूबाईंच्या देवघरावरून वाद नको.
- जिच्याशी अबोला आहे, त्या जावेला फोन.

शेवटचंच अवघड आहे, माहितीये. 1995 मध्ये इंदूरला बसने येताना कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया यांचा खून झाला. पुढे त्यांच्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तुला तर नुसता फोन करायचाय. पहिल्यांदा ती उचलणार नाही बहुतेक. दोन दिवसांनी परत लाव.