सिस्टर दोनदा विचारून गेल्या

पत्र : तीन आठवड्यांपूर्वी माझ्या पत्नीचं पहिलं बाळंतपण तिच्या माहेरच्या गावी, सरकारी रुग्णालयात झालं. रात्री नऊला दाखल केलं, पहाटे पाचला मुलगी झाली. दोन्हीकडचे आम्ही नऊ जण रात्रभर बाहेर बसून होतो. सोबत एक बाई आत येऊ शकते, असं सिस्टर दोनदा सांगून गेल्या. पण आई आणि सासूबाईंची जुंपली, म्हणून वाद नको म्हणून कोणीच गेलं नाही. बाळाला आधी कोणी घ्यायचं यावरूनही वाजलं. आता दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि बारसं लांबलंय. दोघींना एकत्र कसं आणू? पत्नी शांत असते, तिची काही तक्रार नाही.
— एक मुलगा आणि जावई, सातारा जिल्हा

उत्तर : ‘वाद नको म्हणून कोणीच गेलं नाही.’ हे वाक्य लिहून तुम्ही लगेच बाळाला कोणी घ्यायचं त्याकडे वळलात. मला मात्र तिथून पुढे जाता आलं नाही.

बाहेर नऊ माणसं आणि ती आत एकटी. आठ तास. सरकारी लेबर रूममध्ये एकेका सिस्टरला दोन-तीन बायका बघाव्या लागतात. ती बाळाचे ठोके ऐकते, पिशवीचं तोंड किती उघडलंय ते तपासते आणि शेजारच्या टेबलाकडे धावते. कळ आली की कंबर चोळायला, घोटभर पाणी पाजायला, नावाने हाक मारायला आपलंच माणूस लागतं. म्हणूनच २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला आत राहू द्यायचं ठरवलं. अशी सोबत मिळाली तर कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझेरियनची वेळ कमी येते आणि त्या अनुभवाची कटुताही कमी राहते, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. त्या सिस्टर एवढ्या धावपळीत दोनदा बाहेर आल्या. सगळीकडे असं कोणी विचारत नाही हो.

आणि तुम्ही तिथेच होतात. ‘सिस्टर, तिलाच विचारा, कोण हवंय,’ एवढं म्हणायचं होतं. तिने आईचं नाव घेतलं असतं, सासूचं घेतलं असतं, नाहीतर मावशीचं. वाद तिथेच मिटला असता.

तुमच्या आईची आणि सासूबाईंची समजूत कशी घालायची, ते मी सांगणार नाही. दोघी त्या टेबलावरून गेलेल्या आहेत. तिथे पडल्यावर काय होतं हे ठाऊक असून दोघी दाराबाहेर हक्क सांगत बसल्या, याचा मला खरंच राग आला आहे. त्यांचा अबोला आणखी महिनाभर चालला तरी कोणाचं काही बिघडत नाही.

तिची तक्रार नाही, म्हणता. तुम्ही विचारलंत का?

आज संध्याकाळी सासुरवाडीला जा. फोनवर नको, रविवारची वाट बघू नका. बाळाला कोणाकडे तरी द्या, खोलीचं दार लावा आणि तिला विचारा, ‘त्या रात्री आत काय काय झालं?’ मग गप्प बसा. ‘सगळं नीट झालं ना शेवटी’ हे चुकूनही म्हणू नका. आईची बाजू मांडू नका, सासूबाईंचीही नको. ती रडली तर रडू दे. चिडली तर ऐकून घ्या, कारण तिचं चिडणं रास्त आहे. आज काहीच बोलली नाही तर उद्या पुन्हा जा.

तिच्या शांतपणाकडेही नीट बघा. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, मन हळवं होणं नेहमीचं असतं. पण दोन आठवडे उलटूनही ती उदास असेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचा विचार तिने बोलून दाखवला, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि तडक रुग्णालय गाठा.

बारसं कधी करायचं, बाळाला पाळण्यात कोणी घालायचं, हे ती सांगेल तसं होऊ द्या. आणि तो निरोप दोन्ही घरी तुम्ही स्वतः जाऊन द्या.