डिग्री नाही, पण इंग्रजी शिकवायला परदेशात जायचंय

प्रश्न : माझं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. इंग्रजी चांगलं आहे, मुलांच्या शिकवण्या घेते. एक एजंट म्हणतोय आधी टुरिस्ट व्हिसावर जा, शाळेत जॉइन हो, वर्क व्हिसा मग शाळाच करून देईल, डिग्री कुणी बघत नाही. ऑनलाइन टीईएफएल (इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचं) सर्टिफिकेट पण काढलंय मी. जाऊ का?

उत्तर : असं नको जाऊस. एजंट अगदीच खोटं बोलत नाहीये म्हणा, काही शाळा खरंच डिग्री बघत नाहीत, त्यांना सोमवारी वर्गावर कुणीतरी उभं राहायला हवं असतं बस. पण काम करायची परवानगी शाळा देत नाही ना, ती देतं तिथलं सरकार, आणि सरकार बघतं ते कागद. तुझं इंग्रजी कितीही फर्डं असू दे.

चीनमध्ये कामाचा व्हिसा म्हणजे झेड व्हिसा, त्याला ग्रॅज्युएशन लागतं आणि वर दोन वर्षांचा अनुभव नाहीतर शिकवण्याचं सर्टिफिकेट. व्हिएतनाममध्येही डिग्री आणि सर्टिफिकेट दोन्ही. दक्षिण कोरियाचा ई-2, म्हणजे भाषा शिकवण्याचा व्हिसा, तर मुख्यतः 7 देशांच्या पासपोर्टवाल्यांनाच (अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका), आणि त्यांनाही डिग्री लागतेच. म्हणजे तुझं सर्टिफिकेट डिग्रीच्या जोडीला चालतं, डिग्रीच्या बदल्यात नाही, आणि हे कोर्स विकणारे कधी सांगत नाहीत. सेल्टासारखा (केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स केलास तर किमान 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं, मागे बसून कुणीतरी तुझ्या चुका लिहीत असतं, त्याचा शिकवायला खूप फायदा होतो, पण व्हिसाच्या खिडकीवर तोही डिग्रीची जागा घेत नाही.

मी स्वतः असं एक काँट्रॅक्ट वाचलंय, आत सगळं वर्गाचं टाइमटेबल आणि पदाच्या रकान्यात चक्क 'बिझनेस कन्सल्टंट', आणि व्हिसा व्यापारी भेटीचा. चीनमध्ये त्याला एम व्हिसा म्हणतात, त्यावर शिकवणं बेकायदाच. तपासणी झाली की दंड, डिपोर्टेशन, वर पुन्हा यायला बंदी, हे सगळं शिकवणाऱ्याच्या वाट्याला येतं, आणि शाळेने पगार बुडवला तर तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार.

मग डिग्रीशिवाय कायदेशीर रस्ता आहे का? आहे, पण अरुंद. कंबोडियात ई प्रकारचा व्हिसा (ऑनलाइनवाला ई-व्हिसा असा अर्थ नाही) घेऊन आत जायचं आणि मग कामासाठी तो वाढवायचा, डिग्रीचा आग्रह तिथे इतका कडक नाही, चांगल्या शाळा मात्र मागतातच. पण व्हिसा वाढवला म्हणजे काम झालं असं नाही, वर्क परमिट वेगळं काढावं लागतं आणि तिथे नेमके लोक गाफील राहतात. आणि विमानतळावर टुरिस्टवाला टी व्हिसा घेतलास तर तो असा वाढवता येत नाही हं! दुसरा रस्ता वर्किंग हॉलिडे व्हिसाचा (दोन देशांत करार असेल तर तरुणांना फिरता फिरता काम करू देणारा), साधारण 18 ते 30 वयाला, जपानमध्ये त्यावर इंग्रजी शिकवता येतं आणि डिग्री लागत नाही, कोरियात मात्र त्याच नावाच्या व्हिसावर भाषा शिकवायला मनाई आहे. तुझ्या पासपोर्टच्या देशाशी असा करार आहे का ते आधी जिथे जायचंय त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर बघ, नसेल तर हा विषयच संपला.

माझं मत विचारशील तर राहिलेली वर्षं पूर्ण कर. कंटाळवाणं आहे, माहितीये. पूर्ण ऑनलाइन डिग्री सगळीकडे चालतेच असं नाही, म्हणून अॅडमिशनच्या आधी विचारून घे. डिग्री हातात आली की तिच्यावर अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून ठेव, चीन 2023 च्या नोव्हेंबरपासून अपॉस्टिल मानतो, पण भारतातल्या कागदांना ते तिथे चालत नाही.

तोवर एजंटकडून दोनच गोष्टी लेखी माग, व्हिसाची कॅटेगरी कुठली आणि वर्क परमिटवर कुठल्या शाळेचं नाव आणि काय पद येणार. आणि पासपोर्ट त्याच्याकडे ठेवायला दिला असशील तर आजच परत घेऊन ये.