किनाऱ्याने जा, पण चिपळूणनंतर

प्रश्न : दरवर्षी आम्ही ठाण्याहून रत्नागिरीला गाडीने जातो. महामार्गाचा आता वीट आलाय. या वेळी अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दापोली करत समुद्राकाठानेच जावं म्हणतो. सोबत आई आहे, वय 74, गुडघे दुखतात. पहाटे निघालो तर रात्रीपर्यंत पोचू का?

उत्तर : नाही हो. आणि ओढूनताणून पोचलातच, तर पुढच्या वर्षी आई तुमच्या गाडीत बसायच्या नाहीत.

नकाशात तो रस्ता सरळ खाली उतरलेला दिसतो. प्रत्यक्षात खाड्या आडव्या येतात. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री तुम्ही महाड, चिपळूण, संगमेश्वरला पुलावरून ओलांडता, गप्पांच्या नादात कळतही नाही. किनाऱ्याला त्याच नद्या खाड्या होऊन भेटतात. मग बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, शिवाय त्याआधी आगरदांडा-दिघी, अशा फेरीबोटी. पाण्यावरची वेळ थोडीच, धक्क्यावर ताटकळण्याचा हिशेब मात्र कुणी धरत नाही. मधले रस्ते वाड्यांमधून जातात. समोरून एसटी आली की मागे कुणी घ्यायचं हे ठरलेलंच असतं. ताशी 30 धरा, जास्त नको.

मीही एकदा असाच हुशारी करून निघालो होतो. हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी उसळताना बघत बसलो आणि तवसाळला पोचलो तेव्हा बोट खाडीच्या मधोमध. धक्क्यावर जाळं विणत बसलेले आजोबा मान वर न करता म्हणाले, "शेवटची होती ती. उद्या या." समोर जयगडचे दिवे दिसत होते. आम्ही मात्र गुहागर, चिपळूण, संगमेश्वर असा अख्खा वळसा घालून रात्री एकला रत्नागिरीत. बायको हातखंब्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.

म्हणून सांगतो, चिपळूणपर्यंत नेहमीच्याच रस्त्याने जा. तिथे जेवा, टाकी भरा आणि गुहागरकडे वळा. पुढे हेदवी, तवसाळ, एकच फेरीबोट, जयगड, गणपतीपुळे आणि मग आरे-वारे. पुळ्याहून निवळीमार्गे जाऊ नका; आरे-वारेने रत्नागिरी जेमतेम 25 किलोमीटर आहे, जवळही पडते आणि चढावरून दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात. बोटीवर गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतील, घाबरू नका, तिथली पोरं हात दाखवत नीट लावून घेतात. आईंनी उतरायची गरज नाही. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा. पावसाळ्यात तर निघतानाही परत विचारा, वारा असला की फेऱ्या बंद ठेवतात.

दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला येतो. आईंना ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसवा. पुढची सीट मुलं मागतील, देऊन टाका.