मॉडर्न डान्सचा जुना रोल शिकताना व्हिडिओतल्यासारखाच करायचा, की स्वतःचं काही घालायचं?

व्हिडिओवरून स्टेप्स घ्या, रोल घेऊ नका. यावरून एका रिहर्सल डिरेक्टरशी माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितेय.

एका सोलोत मला रिप्लेसमेंट म्हणून घेतलं. आईचा रोल, मुलगा गेलेला, जवळजवळ सगळं फ्लोअरवर. शेवटी डावा हात वर जायचा आणि खांद्यापाशीच थबकायचा. सर म्हणायचे हा अर्धा हात म्हणजेच रोल, दुःख पूर्ण बाहेर पडत नाही वगैरे, आणि माझा हात जरा वर गेला की लॅपटॉप पॉज करून स्क्रीनवर बोट. आधीच्या मुलींनीही तो हात इमानेइतबारे कॉपी केलेला. मला काही पटेना, कारण त्याआधी कॉन्ट्रॅक्शन (म्हणजे पोट आत ओढून पाठ गोल केलेली असते ते) सुटतं, पाठ मणका मणका उघडत जाते, श्वास पार वर चढतो आणि हात मात्र मध्येच तुटतो. शेवटी तो रोल पहिल्यांदा ज्यांनी केला त्या ताईंनाच फोन लावला. त्या हसायलाच लागल्या, "अगं तेव्हा माझा खांदा धरला होता, हात वर जायचाच नाही!" आणि शूटिंग नेमकं त्याच शोचं. सरांना सांगितलं तर म्हणे, "असू दे, आता तेच ओरिजिनल." याला काय अर्थ आहे?

जर्मन कोरिओग्राफर पिना बाउशला स्वतःच बसवलेल्या 'काफे म्युलर' या पीसमध्ये (1978) पुन्हा नाचताना जुनं फीलिंग सापडेना. मग लक्षात आलं की मिटलेल्या पापण्यांआड नजर खाली आहे की समोर, यानेच सगळा फरक पडतोय. आता हे कुठल्या व्हिडिओत दिसणार सांगा.

हां, पण लायसन्स घेऊन बसवलेला पीस असेल तर मनाने काही बदलू नका, बसवायला आलेल्या माणसाला विचारा. आणि अमेरिकन कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅमचं काही असेल तर हे सगळं विसरा, तिथे कॅरेक्टर शोधायला गेलात तर फसाल, नाच संगीतावरसुद्धा बांधलेला नसतो. बाकी ठिकाणी पहिली डान्सर हयात असेल तर आधी तिला गाठा. डिरेक्टरला नंतर सांगितलं तरी चालतं.