रानटी घोडे आणि त्यांची नवजात शिंगरं बघायला कुठे, कधी जावं?

माझं मत विचाराल तर मंगोलियातलं हुस्ताई राष्ट्रीय उद्यान. राजधानी उलानबातरपासून साधारण १०० किमी. इथले घोडे म्हणजे 'ताखी'. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते रानातून नाहीसे झाले होते. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले घोडे १९९२पासून इथे परत आणून सोडले.

शिंगरं बघायची तर मे-जूनमध्ये जा. दुपारी घोडे माश्यांना कंटाळून वाऱ्यासाठी डोंगरधारेवर चढतात, संध्याकाळी पाण्यावर उतरतात. तीच वेळ गाठा.

एक नर, काही घोड्या आणि त्यांची पिल्लं, असं कुटुंब असतं. नर बहुतेकदा मागे चालतो. कुणी रेंगाळलं की मान जमिनीलगत खाली घालून, कान मागे पाडून हाकतो. शिंगरू तासाभरात उभं राहतं, पण पहिले काही दिवस आईच्या कुशीला अगदी चिकटून. मोठा घोडा जवळ आला की ते मान पुढे काढून तोंडाची उघडझाप करतं, 'मी लहान आहे, मारू नका' असंच जणू. हे बघायला मात्र दुर्बीण हवी. फोटोसाठी जवळ गेलात तर कळप निघून जाईल, आणि अडखळत धावणाऱ्या पिल्लाचे हाल होतील ते वेगळेच.